दिव्यात तेल घालणाऱ्याचे पोवाडे

पंधराव्या वर्षी मी एका पुरुषासाठी बारा बायांशी भांडले. तो पुरुष पुस्तकातला होता, ही त्यातली सगळ्यात किरकोळ अडचण. मोठी अडचण अशी की त्याच्यावरचे सगळे आरोप खरे होते, ते खरे आहेत हे फक्त मलाच ठाऊक होतं, आणि तरी मी त्याची वकिली करत होते. वकिली म्हणजे काय ते मला तेव्हापासून चांगलं कळलेलं आहे. म्हणून पुढे वकिलाचं स्थळ सांगून आलं तेव्हा मी मुलगा न बघताच नाही म्हटलं.

हे आठवायचं कारण माझी नात. ती लातूरला क्लासला असते आणि सुट्टीला नांदेडला माझ्याकडे येते. तिला डॉक्टर व्हायचंय असं तिच्या आईबापांचं म्हणणं आहे. परवा दुपारभर ती फोनवर मैत्रिणीशी तावातावाने बोलत होती. मला वाटलं रसायनशास्त्र. तर नाही, कुठल्याशा जादूच्या राज्यातल्या तलवारवाल्यावरून जुंपली होती. त्याने राज्य वाचवलं ते कर्तव्य म्हणून, की चौकात आपला पुतळा उभा राहावा म्हणून? नात त्याच्या बाजूने. गाल लाल, आवाज चढलेला, पुढ्यातला चुरमुऱ्यांचा सुशीला गार झालेला. मी दाराआडून सगळं ऐकत होते. मला कमी ऐकू येतं असं मी घरात केव्हाच जाहीर करून टाकलंय, त्यामुळे लोक माझ्यासमोर फार मोकळेपणी बोलतात. पोर हुबेहूब माझ्यावर गेली आहे. हे तिला कुणी सांगू नये, बिचारीचं अभ्यासावरचं मन उडेल.

तर आमचं घर लातूरला, एका डाळ मिलच्या मागच्या गल्लीत. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. बाप रेल्वेत गँगमन, मुदखेडकडे. महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, झोपायचा आणि जायचा. म्हणजे घर असं मायचं आणि माझं. घरात वास कायम तुरीचा. कपड्यांना, केसांना, माठातल्या पाण्यालासुद्धा. शाळेतल्या पोरी म्हणायच्या, कुसुम आली की वरण आलं. मिलचं मशीन सकाळी सुरू झालं की आमच्या फळीवरच्या ताटल्या दिवसभर एकमेकींशी कुजबुजत राहायच्या, आणि ते बंद पडलं की आपल्याच कानात काही बिघडलंय असं वाटायचं. सकाळी धपाटे, दही असलं तर दही, नसलं तर शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळी भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजक्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी. दिवसभर डाळीत हात घालणाऱ्या घरात वरण मात्र सणासुदीलाच शिजायचं. या विषयावर मी शाळेत एक करुण निबंध लिहिला होता. मराठीच्या सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर मला वरणापेक्षा येसराची आमटी जास्त आवडायची. पण आमटीवर सरांना रडू आलं नसतं.

माय मिलमध्ये डाळ निवडायची. मशीनमधून निघालेल्या डाळीतही बारीक खडे आणि काळे दाणे राहतात, ते हाताने काढायचे. शेडमध्ये बायका ओळीने बसायच्या, प्रत्येकीच्या एका अंगाला निवडायचा ढीग, दुसऱ्या अंगाला निवडलेला. मुनीम मधूनच खोकत यायचा, एखादीच्या निवडलेल्या ढिगातली मूठभर डाळ तळहातावर पसरायचा, आणि त्यात खडे निघाले की त्या बाईला उठवायचा. उठवायचा म्हणजे घरी पाठवायचा, कायमचा. माझी शाळा सकाळची. दुपारी मीही मायच्या शेजारी, भिंतीकडच्या बाजूला बसायचे.

पण माझं खरं काम लाईट गेल्यावर सुरू व्हायचं. लाईट होती तोवर मशीनच्या घरघराटात शेजारणीचं ओरडणंही कळत नसे. लाईट गेली की सगळं एकदम शांत. मग राधामावशी, जी ओळीतली सगळ्यात जुनी, ती म्हणायची, "काढ गं पोरी, तुजा केतूभाऊ." मी पिशवीतून वाचनालयाचं पुस्तक काढायचे. आमच्याकडे रीत अशी पडली होती की वाचणारीने नुसतं वाचायचं आणि तिचा ढीग बाकीच्यांनी मूठ-मूठ वाटून घ्यायचा. ओळीत वाचता येणारी मी एकटी. सगळं गाव लाईट गेली म्हणून शिव्या देत असताना आमच्या शेडमध्ये बारा बाया लाईट जावी म्हणून वाट बघायच्या.

पुस्तकाचं मूळ कव्हर कधीच गेलेलं, वर वर्तमानपत्राचा कागद. आत एक राजपुत्र, शौर्यकेतू. नावावरूनच संशय यायला हवा होता. खिंडीच्या तोंडाशी एक दिवा, तो जळत असेपर्यंत काळधाड नावाचं काळंकुट्ट धुकं खाली गावात उतरू शकत नाही. शौर्यकेतूच्या घराण्याकडे त्या दिव्याची राखण. सकाळ-संध्याकाळ तेल घालायचं, वात सारायची, बस. आणि एक दिवस सातशे योजनांवर धूम्रासुर माजल्याची बातमी येते आणि हा दिवा बहिणीच्या हाती देऊन उडत्या घोड्यावरून निघतो. मी त्याच्या प्रेमात पडले. घोड्याच्याही पडले असते, पण घोड्याचे डोळे कसे होते ते लेखकाने लिहिलं नव्हतं.

"आन दिव्याचं काय म्हनं?" राधामावशीने विचारलं.

"बहीण सांभाळेल की."

"तिला इच्यारलं का त्यानं?"

"विचारायचं काय त्यात? तिन्ही लोकांवर संकट आलं होतं!"

"तिन्ही लोकांला त्याच्याबिगर कुनी न्हवतंच का? तितं जवळपास कुनी राजे-बिजे ऱ्हात न्हवते?"

मायच्या पलीकडे हलिमाबी बसायची. तिचे हात डाळीत आणि तोंड सगळ्यांत. "नाम होना था उसकू, दुसरा क्या," ती म्हणाली. "मेरा देवर भी ऐसाच है. घर में घागरभर पानी नहीं भरता, मोहल्ले की शादी में देग उठाने सबसे आगे."

"नावासाठी नाही गेला तो!" मी उसळले. "कर्तव्याची हाक होती ती!"

"मग ती हाक त्याला एकल्यालाच कशी ऐकू आली? बहीन बहिरी व्हती का?"

सगळ्या हसल्या. मी 'प्रजाहित', 'क्षात्रतेज', 'आत्मार्पण' असे दगड एकामागून एक फेकले. त्यांना त्यातला एकही लागला नाही. माय तेवढी गप्प असायची. भांडण फार वाढलं की म्हणायची, "पुडचं वाच." बस, एवढंच.

आता कबुली. पुस्तकात त्या जागी असं होतं: शौर्यकेतू दिव्याकडे पाहून हसला. मनात म्हणाला, दिव्यात तेल घालणाऱ्याचे पोवाडे कोण गातो? आणि मोठ्याने म्हणाला, प्रजेसाठी मला गेलेच पाहिजे. मी बायांना वाचून दाखवलं ते फक्त मोठ्याने म्हटलेलं. मनातलं वाक्य मी गिळलं. ओळीत दुसरं कुणी वाचणारं नव्हतं, त्यामुळे पुस्तकात काय आहे हे मी म्हणेन ते. पण एकदा गिळायला लागलं की थांबता येत नाही. पुढे बहिणीची अख्खी दोन प्रकरणं होती. तेल संपतं, ती घरातलं तूप घालते, मग आपल्या लुगड्याच्या वाती करते, वादळात ज्योतीला तळहातांचा आडोसा धरते आणि हात भाजून घेते. हे वाचलं असतं तर माझ्या केतूचं काही खरं नव्हतं. म्हणून मी बहिणीला मदतीला दोन दासी दिल्या. पुस्तकात एकही दासी नव्हती. शिवाय तो तिकडून दर पौर्णिमेला तिला ख्यालीखुशालीचं पत्र पाठवतो, हेही माझंच. लेखकाला हे सुचलं नव्हतं, कारण लेखक त्याला ओळखून होता.

याच दिवसांत मायच्या नजरेचं मला कळलं. आधी आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग सुई ओवायला मला हाक. मग एका सकाळी ती पडवीत वाळत घातलेल्या बापाच्या सदऱ्याला म्हणाली, "कवा आलात?" मी हसले, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. "धुरकट दिसायलंय जरा," ती म्हणाली. "मिलमदी बोलू नगस कुनाला." झालं, मला काम मिळालं. रोज दुपारी मुनीम यायच्या आधी मायने निवडलेला ढीग मी गुपचूप पुन्हा निवडायचे. माझ्या एकटीच्या डोळ्यांवर दोन माणसांचं घर चाललंय, या विचाराने मला रात्री झोप यायची नाही, इतका आनंद व्हायचा. दुःख व्हायला हवं होतं, पण असं गुपित पंधराव्या वर्षी मिळालं की दुःखाला जागा राहत नाही.

आणि मग सरांनी सांगितलं की नांदेडला वादविवाद स्पर्धा आहे आणि शाळेतून मी जायचं. करुण निबंधाचं फळ. एक दिवस जायचं, तिथे मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परत. म्हणजे एक अख्खी दुपार मायचा ढीग उघडा. मुनीमने नेमकी तेव्हाच मूठ घातली तर संपलंच. मी दोन दिवस फार घुटमळले, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी घुटमळले.

"माय, जाऊ का न्हाई?"

"जा की. एका दिसानं काय व्हतंय."

"पण ढिगाचं?"

"बघू की. तुला जायाचंय का न्हाई ते सांग."

आता सरळ 'हो, जायचंय' म्हणायचं ना. तर मी म्हणाले, "तुझ्यासाठीच चाललेय मी. नाव झालं तर पुढे नोकरी लागंल, मग तुला ढीगच नको." माय तव्यावरचा धपाटा उलटत राहिली, चटका बसेपर्यंत बोटांनी चाचपत.

नांदेडला जाताना एस.टी.त लोह्याच्या पुढे मला उलटी झाली. वीरांना होते. स्पर्धेचा विषय होता 'कीर्ती श्रेष्ठ की कर्तव्य?' आणि बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायची. मला कीर्ती हवी होती, शौर्यकेतूची वकिली करून तिची सगळी तयारी शेडमध्ये झालेली होती. चिठ्ठी निघाली कर्तव्याची. मी घाबरले, पण अर्धंच मिनिट. मग मला ती दोन गिळलेली प्रकरणं आठवली. मी मंचावर उभी राहिले आणि ज्या बहिणीला मिलमध्ये दोन दासी देऊन सुखात ठेवलं होतं, तिचे हात नांदेडात भर सभेत जाळले. तेल संपवलं, लुगडं फाडलं, वादळ आणलं. "जो आपली जागा सोडत नाही तोच खरा वीर!" असं मी मूठ आवळून ओरडले, तेव्हा लातूरच्या शेडमध्ये मायच्या आणि भिंतीच्या मधली माझी जागा मोकळी होती. हे मला त्या क्षणी सुचलं नाही. टाळ्या फार होत्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई पदराने डोळे पुसत होत्या. मला उत्तेजनार्थ मिळालं. उत्तेजनार्थ म्हणजे तुमचा नंबर आलेला नाही, पण रडू नका. सोबत एक कप, दोन कानांचा, चकचकीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टँडवर उतरून मी घरी गेलेच नाही. नळावर तोंड धुतलं, वेणी सारखी केली आणि कप दोन्ही हातांत धरून थेट मिलमध्ये. लाईट गेलेली. शेड शांत. बाराही बायांनी मान वर केली आणि एकही हसली नाही.

"या, शौर्यकेतू महाराज," राधामावशी म्हणाली. "घोडा कुटं बांदला?"

मी मायकडे पाहिलं. माय जागेवर होती, बोटं डाळीत. म्हणजे उठवलं नव्हतं. माझा जीव परत आला.

"काल मुनीम आलता," राधामावशी सांगायला लागली. "लाईट गेली, मशीन बंद, त्याला धंदा न्हाई. आला हितनं, एकबी ढीग न सोडता बघत. तुज्या मायपसून दोन बाया ऱ्हायल्या, आन आता मूठ घालतोय म्हनल्यावर हलिमानं तू हितंच ठिवून गेल्यालं पुस्तक काढलं. म्हनली, मुनीमजी, आमची पोरगी गावाला गेली, दोन पानं तुमी वाचून दावा. त्यो आदी आडंवेडं घेतला. मग बसला पोत्यावर. आगं, काय वाचतोय! राक्षसाचा आवाज येगळा, राजाचा येगळा. मूठ-बीठ इसरला. लाईट आली तवाच उटला."

मला हायसं वाटलं. मी हसले. मी एकटीच हसले.

"कुटलं पान वाचलं म्हाईत हाय का?" तिने पुस्तक पुढे केलं. मध्ये खूण म्हणून तुरीची काडी. "त्याला म्हनलं, पोरीनं वाचल्यालं आमाला लई आवडलंय, दिवा सोडून जातोय ते पुन्यांदा वाचा, आन पुडचं बहिनीचंबी. हं. आता तू वाच."

मी वाचलं. शौर्यकेतू दिव्याकडे पाहून हसला. मनात म्हणाला. माझा आवाज स्पर्धेत मागच्या भिंतीपर्यंत गेला होता, इथे तो शेजारच्या सुपापर्यंत जाईना. दिव्यात तेल घालणाऱ्याचे पोवाडे कोण गातो?

"आता त्या दोन दासी कुटं हायत त्या दाव," राधामावशी म्हणाली.

मी पुस्तक मिटलं.

"कशापायी खोटं वाचलीस?"

"तुम्ही त्याला नावं ठेवली असती."

"ती तर आमी ठिवलीच की!"

आता सगळ्या हसल्या, पण ते हसू माझ्या वाटणीचं नव्हतं. मला कुठेतरी पाय टेकायला जागा हवी होती, म्हणून मी मायजवळ बसले, हळूच तिचा निवडलेला ढीग माझ्याकडे ओढला आणि कानात म्हणाले, "आजचं मी बघते." निदान हे तरी माझं होतं.

हलिमाबीचे कान तिखट. "रहने दे बेटा," ती म्हणाली. "तेरी माँ की आँख का सबकू मालूम है. एक मुनीम छोड के."

मला वाटलं शेडचा पत्रा डोक्यात पडला. मग हळूहळू कळलं. मुनीम दारात दिसला की हलिमाबी आपला चोख ढीग मायपुढे सारायची आणि मायचा आपल्याकडे ओढायची. तिच्याकडचा मग पुढच्या दोघी मिळून साफ करायच्या. हे मला मायच्या नजरेचं कळायच्या कितीतरी आधीपासून चाललेलं. मायला ठाऊक होतं. मी शेजारी बसून पाहिलं कसं नाही? कारण मी पुस्तकात होते, आणि पुस्तकात नसले की मनातल्या मनात भाषणात.

"मग मी रोज निवडायचे ते?" मी विचारलं.

हलिमाबीने पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर खडे ओतले. दहाबारा तरी असतील. "परसोंके हैं. तू चुनी, उसके बाद निकले. मैं बोली रखती हूँ, छोकरी नांदेड से आई तो दिखाती."

रडू आलं, पण स्पर्धेतल्या बाईसारखं सुंदर नाही, नाक गळणारं. कुणी समजूत घातली नाही, हात कामात होते. थोड्या वेळाने मायने विचारलं, "त्यो माघारी आला का गं? पुस्तकात?"

शेवट मी कधीच वाचून ठेवला होता. त्यालाही एक छान पत्र जोडायचा माझा बेत होता. "न्हाई आला," मी म्हणाले. "तिकडंच राजा झाला. दिवा बहिणीनंच सांभाळला शेवटपर्यंत."

बारा तोंडांतून शौर्यकेतूचा जो उद्धार झाला तो मी इथे लिहीत नाही, नात वाचेल. माय मात्र एवढंच म्हणाली, "तू आलीस की."

त्या तीन शब्दांवर मी पुढे कितीतरी वर्षं फुगून राहिले. परतीचं तिकीट सरांकडे होतं, हे मी तिला सांगितलं नाही. आणि मी घरी न जाता मिलमध्ये धावले ते तिचं काय झालं हे बघायला, की बाराजणींना कप दाखवायला? आज इतक्या वर्षांनीही मला खात्रीने सांगता येत नाही. धावले, एवढं खरं.

"हातात काय हाय?" तिने विचारलं.

"कप. बक्षीस."

तिने तो घेतला, कान चाचपले, आत बोट फिरवलं. मग माझ्या तळहातावरचा एक खडा उचलून आत टाकला. टिंग. सगळ्या मिलने ऐकावा असा आवाज. माय हसली. त्या दिवसापासून तो कप तिच्या गुडघ्याशी असायचा. बोटांना लागेल तो खडा ती त्यात टाकायची, आणि टिंग वाजलं की तिला कळायचं, सापडला. मी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं, एकही शब्द न गाळता, दासींशिवाय. पण आता भिंतीकडे नाही, माय आणि हलिमाबीच्या मध्ये बसून. मुनीमही मधूनमधून पोत्यावर येऊन बसायचा आणि राक्षस आला की पुस्तक माझ्या हातातून काढून घ्यायचा. मशीन चालू असलं की मी पुस्तक पिशवीत ठेवून खरोखर डाळ निवडायला शिकले. ते काही पुस्तकात लिहिण्यासारखं काम नाही. मान दुखते.

नातीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. परवा तिचा फोन संपल्यावर इतकंच विचारलं, "तुझा तलवारवाला गेला, तेव्हा मागे दिवाबत्ती कोण बघत होतं?"

"कुठली दिवाबत्ती? ते दाखवलंच नाहीये, आजी."

"हां," म्हटलं, आणि मला पुन्हा कमी ऐकू यायला लागलं.

त्या कपाचं एक सांगायचं राहिलं. पुढे लातूरला डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर आलं आणि हलिमाबीने मायला हाताला धरून नेलं. पट्टी सुटायची त्या दिवशी मी इस्त्रीचा फ्रॉक घालून, मायला पहिली मीच दिसावी अशी अगदी समोर उभी होते. कपही घासून-पुसून हातात धरला होता, आतले खडे काढून. मायने डोळे किलकिले केले, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. बराच वेळ बघत राहिली.

"एवडासाच व्हय गं?" ती म्हणाली. "आवाज तर लई मोटा व्हता."